सॅडच्या आधी काय होतं

८ डिसेंबर, रविवार

सॅड, सॅड, सॅड. या एका शब्दानं माझं डोकं उठवलंय. दारात जो येतो तो चपला काढायच्या आत म्हणतो, लय सॅड झालं. हॉटेलचा मॅनेजर आला, तो म्हणाला व्हेरी सॅड. पलीकडच्या चाळीतली पोरं मोबाइलवर गोरखच्या फोटोखाली सॅड लिहितात आणि पुढं एक रडकं तोंड चिकटवतात. माणूस गेला त्याला एवढासा शब्द. शिंक आल्यासारखा येतो आणि संपतो. आमच्या वेळी बाया उंबऱ्यात बसून गळा काढायच्या, तेही मला आवडायचं नाही, पण निदान त्याला दमसास लागायचा.

हं. जयभीम. आता नीट लिहिते.

मी आक्काबाई. शाळा दुसरीपर्यंत. बाकीची अक्षरं विहारातल्या म्हाताऱ्यांच्या वर्गात गिरवली. ही वही नातीनं दिली, यशोधरानं. म्हणाली, आजी, तुझ्या तोंडाचा ताप लोकांना देण्यापेक्षा कागदाला दे.

झालं ते असं. माझा मुलगा गोरख इथं खंडाळ्यात हॉटेलच्या गाडीवर होता. गेल्या महिन्यात लोणावळा स्टेशनावरून पाहुणे घेऊन येताना छातीत कळ आली. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आतल्या एकाला ओरखडा नाही. सगळे म्हणतात, काय माणूस होता. मी म्हणते, हँडब्रेक कशाला ओढत बसायचं? आधी हाक मारायची. कुणाला तरी.

घरात आता तीन बाया. मी, सून मालन, आणि यशो. यशो पुण्याला राहून इंग्रजीत एमए झाली. बाप गेल्यापासून बोलत नाही, ताटावर बसते आणि भातात बोट फिरवून उठते.

मी रडले नाही. रडायला बसले तर घर कोण बघणार?

१० डिसेंबर

आज यशोपुढं ताट आपटलं आणि विचारलं, एवढं इंग्रजी शिकलीस, हा सॅड कुणाच्या घरचा ते तरी सांग. मला वाटलं नेहमीसारखी भिंतीकडं बघेल. तर म्हणाली, आजी, आधी त्याचा अर्थ दुःखी असा नव्हताच.

मग काय होता?

म्हणाली, शब्दाला मागं मागं नेत जावं लागतं. दुःखीच्या आधी त्याचा अर्थ होता गंभीर. पोक्त. उगाच खिदळणारा नाही असा माणूस. त्याच्या अंगावरच्या काळपट, साध्या कपड्याच्या रंगालासुद्धा सॅड रंग म्हणायचे.

हे सांगता सांगता पोरीनं अर्धी भाकरी आणि सगळं कालवण खाल्लं. तिला कळलंसुद्धा नाही. शब्दाचं बोलत असली की हात आपोआप ताटात जातो. मी मालनला डोळ्यांनी खुणावलं, वाढ. जास्त विचारलं नाही. उद्याला काहीतरी शिल्लक पाहिजे.

१३ डिसेंबर

हे चांगलं सापडलं. रोज जेवायच्या वेळी सॅडची चौकशी काढायची. मला त्या शब्दाशी काही घेणंदेणं नाही.

आज म्हणाली, पोक्तच्याही आधी अर्थ होता घट्ट. रोवलेला. हलवला तर हलत नाही, ज्याच्यावर विसंबून राहावं असा.

मी म्हणाले, मग तुझा बाप सॅड होता म्हणायचा.

यशो हसली. मग पाण्याचा तांब्या आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. पण ताट साफ होतं.

मालन म्हणाली, आई, तुमचं ताट? म्हणाले, पोट भरलंय माझं. सकाळी चहा झालाय, बरोबर खारी खाल्ली. सुनेला माझ्या पोटाची भलती काळजी. माझं पोट हल्ली असंच असतं, वरपर्यंत आलेलं. पित्त असणार.

१७ डिसेंबर

मालनचा भाऊ राजेंद्र कामशेतवरून दुखवटा घेऊन आला.

आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. मी सहा वर्षांची होते तेव्हा माझ्या बापानं घरातले देव टोपलीत घालून नदीला नेले आणि रिकामी टोपली घेऊन शिट्टी वाजवत आला. पण दुखवटा काही कुणी नदीला नेला नाही. घरातलं माणूस गेलं की बाईच्या माहेराहून कुणीतरी यायचं, तिला नवं लुगडं द्यायचं, आपल्या हातानं गोड घास भरवायचा. तोवर तिनं गोडाला शिवायचं नाही. घास खाल्ला की दुखवटा सुटला, बाई पुन्हा माणसांत आली. गोरख या सगळ्याच्या विरुद्ध होता. विहाराच्या बैठकीत उभा राहून बोलायचा. त्याचं बरोबरच असेल. पण राजेंद्र आला तेव्हा मालननं पदर डोक्यावर घेतला आणि लहान पोरीसारखं तोंड उघडलं.

लापशी आणली होती. मालनला भरवली, यशोला भरवली. हिरवी साडी दिली, यशोला ड्रेसचं कापड. मग राजेंद्र माझ्याकडं वळला आणि वाटी हातात घेऊन तसाच उभा राहिला, कारण मी त्याच्या बहिणीची सासू. मला त्यानं भरवायचं नसतं. मी म्हणाले, भाऊ, बस खाली, वाटी ठेव, चहा घे.

माझं माहेर तिकोणा पेठेला. भाऊ गेले, भावजया गेल्या. एक भाचा उरलाय, पवन. धरणाच्या काठाला तंबू लावतो, मुंबईची पोरं येऊन राहतात. मातीला आला होता, उभ्याउभ्या गेला. त्याला दुखवटा काय ठाऊक असणार? आणि मला नकोच आहे. या वयात कुणी घास भरवायला मी काय बाळ आहे?

लापशी शेजारी वाटून टाकली.

२२ डिसेंबर, रविवार

हॉटेलनं गोरखचे गणवेशाचे दोन जोड परत मागितलेत. एक दिला. दुसरा शर्ट अजून इथंच आहे, कारण कॉलर बसत नाही. मी तीस वर्षं बंगल्यावर इस्त्री केली आहे. मळकं कापड दिलं तर चालेल, चुरगळलेलं देऊन लोकांना बोलायला जागा ठेवणार नाही.

माझी इस्त्री वेगळी. बंगल्यातल्या पारशी बाईंनी जाताना दिलेली. आत कोळसा नाही, वायर नाही, नुसतं भरीव लोखंड. गॅसवर तापवायची. मालनला दोन्ही हातांनी उचलते. यशो बाजूला बसून बघत होती. म्हणाली, आजी, इंग्लंडात या इस्त्रीला सॅड इस्त्रीच म्हणायचे.

म्हणाले, थट्टा करू नकोस.

खरंच, म्हणाली. घट्टच्या अंगानंच तो अर्थ आला. भरीव, जड. आत पोकळी नसलेलं. जड मातीलाही सॅड म्हणायचे. पाव नीट फुगला नाही, आत गच्च राहिला, तर काही गावांत अजून त्याला सॅड म्हणतात.

मालन आतून म्हणाली, मग माज्या भाकरी रोज सॅडच हायेत की. आणि खरंच आहे ते. गोरख गेल्यापासून तिची एक भाकरी फुगली नाही. तांदळाची उकड तीच, हात तेच. तव्यावर टाकते आणि बघत बसते.

आम्ही तिघी हसलो. घरात हसल्याचा आवाज झाला आणि मालननं उठून दार लोटून घेतलं.

नंतर यशोनं सांगितलं की हैदराबादच्या विद्यापीठात तिची निवड झाली आहे. पीएचडी. शब्दांचे अर्थ कसे बदलत जातात याचाच अभ्यास करायचा. बाप असतानाच कळलं होतं, त्यानं हॉटेलात पेढे वाटले होते, मला म्हणाला होता कशाचे ते नंतर सांगतो. जानेवारीत हजर व्हायचं. मी म्हणाले, मग बॅग भर. म्हणाली, मी जाणार नाही.

 का ते मी विचारलं नाही. जाईल नाहीतर राहील, मला काय. मी शर्ट पुन्हा ओला करून कॉलरवर इस्त्री धरली.

२७ डिसेंबर

हॉटेलच्या काउंटरवरचा सत्यम शर्ट न्यायला आला. वर्षअखेरीची गर्दी आहे, नव्या ड्रायव्हरला घालायला दुसरा जोड नाही म्हणाला. मी म्हणाले, कॉलर झाली नाही. तो म्हणाला, आजी, हा तर नव्यासारखा दिसतोय. मी म्हणाले, तुला कॉलर कळते का? गेला बिचारा. जाताना सॅड म्हणाला नाही, म्हणून त्याला दोन पेरू दिले.

दुपारी मी पडले होते. त्या दोघींना वाटलं झोपले. मोरीपाशी बोलत होत्या. यशो म्हणत होती, आजी जेवायला लागत नाही तोवर मी हे घर सोडणार नाही. मालन म्हणाली, मी बोलले तर माज्या अंगावर येत्यात. यशो म्हणाली, मला बोलतं ठेवायला तो शब्द विचारते, मला खायला घालते आणि आपण वाटीभर चहावर राहते. तिचं लुगडं कमरेला दोन वेढे जास्त बसतंय, बघितलंस का?

मला उठून दोघींना फैलावर घ्यायचं होतं. उठवलं नाही. आळस.

हे कागदावर स्पष्ट लिहून ठेवते. मी जेवते. चहा, खारी, कधी पेज. भूक नसली तर कोंबायचं का? आणि माझ्या नावावर पोरीनं घरी बसू नये. तिच्या बापानं ज्याचे पेढे वाटले ते माझ्या ताटामुळं बुडालं असं कुणी म्हणायला नको. उद्या तिच्यादेखत दोन भाकरी खाऊन दाखवते.

२८ डिसेंबर

खाल्ल्या नाहीत. एक घास घेतला, तो तोंडातच फिरत राहिला. आत जागाच नाही. यशो बघत होती, मी पदराआड थुंकले, तेही तिनं बघितलं.

आज तिला शब्दाचं विचारलं तर म्हणाली, अजून एक अर्थ आहे, सगळ्यात जुना, मुळातला. तो सांगणार नाही.

१ जानेवारी

दरवर्षी आजच्या दिवशी गोरख वस्तीतल्या लोकांना गाडी करून कोरेगावला न्यायचा. यंदा दुसऱ्यानं नेलं. मालन आणि यशोला मी ढकलून पाठवलं. गाडी सुरू होताना ऐकली. गोरख दोनदा हॉर्न द्यायचा. यानं दिला नाही.

दिवसभर घरात मी आणि इस्त्री.

२ जानेवारी

आज काय झालं ते लिहायला हात वळत नाही, पण लिहिते.

दुपारी मोटरसायकल थांबली. पवन. मागं एक मोठा खोका आणि एक निळी वळकटी. यशो पुढं झाली, त्यावरून कळलं हे सगळं तिचं. तिनंच त्याला फोन करून सांगितलं होतं की आत्याचा दुखवटा काढायला तुझ्याशिवाय माणूस नाही, गोड आण आणि अंगावर घालायला काहीतरी नवं आण. लुगडं म्हणायला विसरली. तिला तरी कुठं नीट ठाऊक?

पवननं वळकटी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, आत्या, कोरी हाय, एकदाबी वापरली न्हाई. सोडून बघितली तर झोपायची पिशवी. आत शिरायचं आणि गळ्यापर्यंत चेन ओढायची. म्हणाले, अरं मुडद्या, मला आत्ताच बांधून न्यायला आलास का?

त्यानं खोका उघडला. केक. तंबूतल्या पाहुण्यांनी एकतीस तारखेला मागवलेला, त्यातला न कापलेला अर्धा. वरची इंग्रजी अक्षरं त्यानं चमच्यानं खरवडली होती, तरी मागं गुलाबी डाग राहिले होते आणि एका कडेला साखरेचं फूल. म्हणाला, फ्रीजात ठेवला व्हता, ताजा हाय.

दुखवट्याला केक. माझ्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल. मालननं तोंडाला पदर लावला. मी पवनला अशी शिवी देणार होते की त्याच्या बापाला वर उचकी लागली असती. त्यासाठी तोंड उघडलं, आणि त्यानं तेवढ्यात हाताएवढा तुकडा आत घातला.

मग माझा जबडा धरून म्हणाला, "आत्या, बाप असता तर त्यानं रीतीनं आणलं असतं. मला रीत ठाऊक न्हाई. शिव्या मागनं दे. गोरखदादा गेला. आता गिळ."

गोरख गेला हे एवढ्या दिवसांत मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे लय वाईट झालं म्हणाले, सॅड म्हणाले, भन्तेजींनी अनित्य म्हटलं. हॉटेलवाले म्हणाले दुर्दैवी घटना. माझ्या माहेरच्या पोरानं, माझ्या बापाचं नाक असलेल्या, माझ्याकडं बघून म्हटलं, गेला.

गिळलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. शेजारीण म्हणाली, आवाज रेल्वेच्या चाळीपर्यंत गेला, आम्हाला वाटलं घरात अजून कोणी गेलं. मला माझा आवाज ऐकू आला नाही. पवनच्या शर्टाची बाही ओली झालेली दिसली, तेव्हा समजलं. तो बिचारा घाबरून माझ्या पाठीवर थापट्या मारत होता, ठसका लागल्यावर मारतात तशा. यशो माझे पाय धरून बसली होती.

मग मी दुसरा तुकडा मागितला. साखरेचं फूल असलेला.

३ जानेवारी

सत्यमला बोलावून शर्ट देऊन टाकला. नवा ड्रायव्हर दारात गाडी उभी करून थांबला होता. पंचविशीचा पोरगा, ओंकार नाव. त्याला म्हणाले, गाडीत काही दुखलं खुपलं तर आधी हाक मार, मग ब्रेक. तो म्हणाला, व्हय आजी, पण त्याला काही कळलं नाही.

४ जानेवारी, शनिवार

झोपायची पिशवी ऊबदार आहे. चेन लावत नाही.

सकाळी पेजेबरोबर भाकरी खाल्ली. यशोनं ताटाकडं बघितलं आणि विचारायच्या आधीच म्हणाली, आजी, सॅडचा पहिला अर्थ सांगू?

म्हणाले, सांग.

म्हणाली, हजार वर्षांपूर्वी त्या शब्दाचा अर्थ होता पोट भरलेला. तुडुंब जेवलेला. आता एक घास नको, आत जागा नाही, असा माणूस. मग तुडुंबवरून जड, घट्ट, पोक्त, आणि शेवटी दुःखी.

 भाकरीचा तुकडा हातात होता.

मग म्हणाले, हे मला आधी का नाही सांगितलंस?

"कारण तू म्हणाली असतीस, बघ, इंग्रजसुद्धा तेच म्हणतात, माझं पोट भरलंय. आणि ताट सारलं असतंस."

खरं आहे. अगदी हेच म्हणाले असते.

म्हणाले, म्हणजे त्या इंग्रजांना पण कुणीतरी वाढून ठेवलेलं होतं आणि जात नव्हतं. यशो म्हणाली, हो. तिला या शब्दावर हैदराबादला काम करायचं आहे, विचारलं तेव्हा हळूच बोलली. मग जा की. तर मान खाली. म्हणे, आजी, चारच घास खाल्लेस तू. मी गेल्यावर पुन्हा ताट सारशील.

हिची जीभ माझ्यावर गेली आहे.

६ जानेवारी, सोमवार

विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाईंचा शनिवारी निरोप होता, सोमवारी सकाळी फोन करते, हो की नाही ते सांगा, मागं दुसरी मुलं थांबली आहेत. यशोनं रात्री बॅग काढली आणि पहाटे परत वर ठेवली. सकाळी फोन माझ्या उशाशी आणून ठेवला. म्हणाली, आजी, आला तर तूच उचल, सांग घरात अडचण आहे.

घरात काय अडचण आहे? अडचण मी. माझ्या तोंडून माझीच अडचण सांगायची.

मी उठून स्वयंपाकाचा ताबा घेतला. मालनला बाजूला केलं. भाकऱ्या मी थापल्या. वांग्याचं कालवण केलं, वर सुक्या बोंबलाची चटणी. बॅग पुन्हा खाली काढली, तिच्यात मालननं आपली हिरवी साडी सगळ्यात तळाला घातली. फोन ताटाशेजारी ठेवला. यशोला समोर बसवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत जेवायला लागले. एका हातानं हे लिहिते आहे, पानाला कालवण लागलंय, लागू दे.

दुसरी भाकरी घेतली आहे. मोठा घास घेतला आहे आणि तो संपायच्या आत पुढचा घेणार आहे. फोन वाजायला लागलाय. मालन, हात लावू नकोस. माझं तोंड भरलेलं आहे, मला बोलता येत नाही. यशोनं उचलायचा.